कलामहर्षी बाबूराव पेंटर

१९२५ सालची गोष्ट. त्या काळी चित्रपट मुके होते. पडद्यावरील माणसे ओठ हलवीत, हातवारे करीत; परंतु त्यांचा शब्द प्रेक्षकांच्या कानी पडत नसे. मध्येच पडदा काळा होई व त्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन-चार ओळी उमटत. ज्यांना वाचता येई ते त्या ओळी मोठ्याने वाचून शेजाऱ्यास ऐकवीत. पडद्यापुढे पेटी-तबला घेऊन बसलेले वादक प्रसंग पाहून वाजवीत राहत. अशा या पडद्यावर तोपर्यंत देव अवतरले होते, दानव मारले गेले होते, राजांच्या स्वाऱ्या निघाल्या होत्या आणि गड सर झाले होते. त्या वर्षी कोल्हापूरच्या एका चित्रकाराने त्याच पडद्यावर एक झोपडी आणली. तीत कर्जाने पिचलेला एक साधा शेतकरी राहत होता. चित्रपटाचे नाव ‘सावकारी पाश’ आणि तो निर्माण करणाऱ्या चित्रकाराचे नाव बाबूराव पेंटर.

पेंटर हे त्यांचे मूळचे आडनाव नव्हे. त्यांचे घराणे मेस्त्री यांचे. बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर होते. घरात हत्यारांचा आवाज सदोदित चालू असे आणि लाकूड, लोखंड, माती, रंग यांच्याशी मुलांची ओळख अक्षरांच्या आधी होई. बाबूरावांचे शालेय शिक्षण फार झाले नाही. कोणत्याही चित्रशाळेत जाऊन त्यांनी धडे घेतले नाहीत. चित्र काढण्याचे व मूर्ती घडविण्याचे कसब त्यांनी पाहून, करून आणि चुकलेले पुसून पुन्हा करून मिळविले. पुढे लोक त्यांना त्यांच्या कामावरूनच ओळखू लागले आणि पेंटर हेच त्यांचे नाव होऊन बसले.

त्या वेळचे कोल्हापूर कलावंतांना जोपासणारे होते. गादीवर राजर्षी शाहू छत्रपती होते. मल्लांपासून गवयांपर्यंत सर्व गुणीजनांना त्यांचा आधार वाटे. आबालाल रहिमान यांच्यासारखा थोर चित्रकार याच नगरीत राहून पंचगंगेचे आणि रंकाळ्याचे परिसर रंगवीत होता. संगीत नाटकांचा तो भरभराटीचा काळ. प्रत्येक नाटक मंडळीस पडदे लागत: रस्त्याचा पडदा, राजवाड्याचा पडदा, अरण्याचा पडदा. बाबूराव व त्यांचे नात्याने बंधू लागणारे आनंदराव मेस्त्री हे दोघे मिळून असे पडदे रंगवू लागले. १९१० ते १९१६ या काळात त्यांच्या कुंचल्याची कीर्ती पश्चिम हिंदुस्थानात पसरली. केशवराव भोसले यांच्या ‘ललितकलादर्श’ मंडळीपासून मुंबईच्या पारशी व गुजराती रंगभूमीपर्यंत त्यांच्या पडद्यांना मागणी होती. सपाट कापडावर रंगविलेला रस्ता पाहून त्यावरून चालत जाता येईल असे प्रेक्षकास वाटावे, इतकी त्यांत खोली असे. उजेड कोठून येतो आणि सावली कोठे पडते, हे बाबूरावांना या कामाने शिकविले. पुढील सारी हकीकत समजून घेताना ही एक गोष्ट ध्यानी ठेवावी.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट प्रसिद्ध झाला. रंगविलेला पडदा कितीही सुंदर असला तरी तो हलत नाही. फाळक्यांचा पडदा तर हलत होता, चालत होता, श्वास घेत होता. या दोघा बंधूंना जणू वेडच लागले. मुंबईच्या चोरबाजारातून त्यांनी चित्रपट दाखविण्याचे एक जुने यंत्र विकत आणले आणि चित्रपट दाखविण्यास प्रारंभ केला. त्यात चार पैसे मिळवावेत हा हेतू असेलही. पण खरा हेतू शिकण्याचा होता. एकच चित्रपट ते पुनःपुन्हा पाहत, फितीतील चित्रे निरखीत.

परंतु चित्रपट दाखविणे निराळे आणि तयार करणे निराळे. तयार करावयाचा तर कॅमेरा हवा. तो परदेशातून मागविण्याचा मार्ग होता. या दोघांनी तो स्वतः बनविण्याचे ठरविले. मुलांनो, हे किती अवघड आहे याची कल्पना येण्यासाठी त्या यंत्राची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. चित्रफितीच्या कडांना बारीक छिद्रे असतात. कॅमेऱ्याची मूठ फिरविली म्हणजे आतील दाते त्या छिद्रांत अडकून फीत पुढे ओढतात. पण फीत एकसारखी सरकून चालत नाही. ती क्षणभर थांबली पाहिजे, थांबताच झडप उघडून तिच्यावर उजेड पडला पाहिजे, झडप मिटली पाहिजे आणि मगच फीत पुढे गेली पाहिजे. मूकपटांच्या काळी हे सारे एका सेकंदात सुमारे सोळा वेळा घडे. एखाद्या दात्यात केसभर फरक पडला, तर पडद्यावरचा माणूस थरथरू लागतो किंवा फीत फाटून जाते. घड्याळजीचा सूक्ष्मपणा आणि लोहाराची ताकद या दोहोंची येथे गरज होती.

आनंदराव या खटपटीत बुडून गेले. दुर्दैवाने काम पुरे होण्यापूर्वीच, १९१६ साली, त्यांचे अकाली निधन झाले. बाबूरावांचा जोडीदार गेला. दुसरा कोणी असता तर त्याने ते अर्धवट यंत्र फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकले असते आणि पुन्हा पडदे रंगवू लागला असता; पडद्यांचे काम तर हातचे होते. बाबूरावांनी तसे केले नाही. विष्णुपंत दामले नावाचा एक तरुण शिष्य त्यांच्यापाशी होता. यंत्रांच्या बाबतीत त्याची बुद्धी फार तल्लख होती. गुरुशिष्यांनी मिळून ते काम पुढे नेले आणि १९१८ साली त्यांच्या हातचा कॅमेरा चालू लागला. ज्याने कारखान्यात जाऊन शिक्षण घेतले नाही अशा माणसाने कोल्हापुरात बसून चित्रपटाचा कॅमेरा घडवावा, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही चित्रपटाइतकीच मोठी वाटते.

कॅमेरा झाला, आता भांडवल हवे होते. सिनेमाच्या धंद्यात पैसा घालण्यास त्या काळचे सावध लोक सहसा धजत नसत. कोल्हापूरच्या नामांकित गायिका तानीबाई कागलकर यांनी बाबूरावांवर विश्वास टाकून त्यांना द्रव्यसाहाय्य केले. शाहू महाराजांचीही या उद्योगावर कृपादृष्टी होती. अशा रीतीने ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. तिच्यात जमलेली माणसे पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते. दामले होतेच. कागलचे शेख फत्तेलाल, ज्यांना पुढे सारे साहेबमामा म्हणत, हे चित्रकलेत निपुण. बाबूराव पेंढारकर व्यवस्था पाहत. त्यांच्याच ओळखीने १९२० साली शांताराम वणकुद्रे हा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा कंपनीत आला आणि पडेल ते काम करू लागला. हाच पुढे व्ही. शांताराम या नावाने देशभर गाजला. कंपनीत अमुक काम माझे नव्हे असे म्हणण्याची सोय नव्हती. रंग कालविणारा वेळ पडल्यास भूमिका करी आणि भूमिका करणारा नेपथ्याचे सामान वाहून नेई. बाबूराव बोलत थोडे. हातात घेऊन करून दाखवीत.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ हा फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या ‘आर्यन’ चित्रपटगृहात झळकला. यात द्रौपदीचे काम स्त्रीनेच केले होते. आज यात नवल वाटणार नाही. परंतु ‘राजा हरिश्चंद्र’ मध्ये तारामतीची भूमिका पुरुषाला करावी लागली होती, हे आठवावे. फाळक्यांनी लवकरच स्त्रियांना पडद्यावर आणले, तरीही सिनेमात काम करणाऱ्या स्त्रीकडे समाज वाकड्या नजरेने पाही. बाबूरावांच्या चित्रपटांत भूमिका करणाऱ्या गुलाबबाई व अनसूयाबाई यांना आप्तस्वकीयांनी दूर लोटले आणि त्यांना कंपनीच्या आवारातच राहावे लागले. चित्रपटांत त्या कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी ओळखल्या जात. त्यांच्या धैर्याची नोंद जितकी व्हावयास हवी होती तितकी झाली नाही.

‘सैरंध्री’तील कीचकवधाचा प्रसंग इतका हुबेहूब वठला होता की, चित्रपटगृहात किंकाळ्या उठल्या. लोकमान्य टिळकांनी तो चित्रपट पाहून बाबूरावांचा गौरव केला आणि त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्यानंतर ‘सुरेखा हरण’, ‘सिंहगड’, ‘कल्याण खजिना’ असे चित्रपट एकामागून एक आले. ‘सिंहगड’ हा १९२३ सालचा चित्रपट हरिभाऊ आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारलेला होता. त्यात शिवरायांची भूमिका स्वतः बाबूरावांनी केली, तर तरुण शांतारामांनी वृद्ध शेलारमामा रंगविला. तोवर आपल्याकडे चित्रीकरण उन्हात होत असे. ढग आले की काम बंद. परंतु तानाजी गडावर चढला तो रात्री. बाबूरावांनी विजेचे प्रखर दिवे लावून ते प्रसंग टिपले.

कामाची त्यांची रीत चित्रकाराची होती. प्रसंग चित्रित करण्यापूर्वी ते त्याचे रेखाटन करीत. कोणते पात्र कोठे उभे राहील, अंगावर कोणता वेष असेल, दागिना कोणत्या घडणीचा असेल, हे आधी कागदावर उतरे. रंगविलेल्या सपाट पडद्यांवर ज्यांनी नाव मिळविले, त्याच बाबूरावांनी चित्रपटात पडदे नाकारून खरी दारे, खरे खांब असलेली घरे उभी केली. चित्रपटाची जाहिरात करणारी मोठमोठी चित्रेही ते स्वतः रंगवीत. चित्रपटाची माहिती व छायाचित्रे असलेल्या पुस्तिका छापून वाटण्याची पद्धतही त्यांनी सुरू केली.

आता १९२५ साल उजाडले. कंपनीचे नाव झाले होते. देवादिकांच्या आणि वीरांच्या कथांना लोक गर्दी करीत होते. त्याच वाटेने जाणे शहाणपणाचे होते असे कोणीही म्हटले असते. बाबूरावांनी मात्र नारायण हरी आपटे यांची कथा निवडली. (हरी नारायण आपटे आणि नारायण हरी आपटे ही दोन वेगळी माणसे, नावे उलटसुलट असल्याने पुष्कळांचा घोटाळा होतो. ‘सिंहगड’ची कादंबरी हरिभाऊंची, ‘सावकारी पाश’ची कथा नारायणरावांची.) या कथेत गड नव्हता, चमत्कार नव्हता. एक शेतकरी, त्याची जमीन आणि एक लोभी सावकार. कर्ज वाढत जाते, जमीन सावकाराच्या घशात जाते आणि ज्याचे हात नांगराच्या मुठीला सरावले होते तो शहरात जाऊन गिरणीतला कामकरी होतो. एवढीच कथा.

एवढीच, पण ती खरी होती. कर्जाचे गणित तुम्हीही करून पाहा. समजा, एका शेतकऱ्याने बियाण्यासाठी शंभर रुपये घेतले आणि व्याज दरमहा दरशेकडा दोन रुपये, तेही चक्रवाढ, असे ठरले. तीन वर्षांत एकही पैसा फेडता आला नाही, तर शंभराचे सुमारे दोनशे चार होतात. या तीन वर्षांत दोनदा पाऊस बुडाला, तर तो फेडणार कशातून? कागदावर काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नाही. तो अंगठा उठवितो. सगळेच सावकार क्रूर होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पेरणीच्या दिवसांत, जेव्हा दुसरे कोणी पैसा देत नसे, तेव्हा तोच देई. परंतु हिशेबाची वही त्याच्या हाती, भाव ठरविणे त्याच्या हाती, आणि कोर्टात दावा लावण्याचे बळही त्याच्याच हाती. त्यामुळे भला सावकार भेटणे हे शेतकऱ्याच्या नशिबावर सोडलेले असे.

या दुःखाने पूर्वीही पेट घेतला होता. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले आणि त्यांनी कर्जाचे कागद जाळले. ते लोण आसपासच्या गावांत व नगर जिल्ह्यात पोहोचले. त्यानंतर १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी एक कायदा केला. कर्जापायी शेतकऱ्यास तुरुंगात टाकण्याची रीत त्यामुळे थांबली आणि व्यवहाराच्या मुळाशी जाऊन चौकशी करण्याचा अधिकार कोर्टास मिळाला. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ लिहिला तोही याच काळात, १८८३ साली. तरीही पुढे चाळीस वर्षांनी बाबूरावांना हा विषय शिळा वाटला नाही.

हा विषय एकट्या कोल्हापूरचाही नव्हता. केळना व पूर्णा यांच्या संगमावर वसलेले जाफराबाद घ्या. आज ते जालना जिल्ह्यात आहे. १९२५ साली ते निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. राज्य निराळे, कायदे निराळे, पण आभाळाकडे पाहून पेरणी करणारा कोरडवाहू शेतकरी तोच. दोन नद्या गावाशी येऊन मिळाल्या तरी शिवारातील उंचवट्यावरच्या रानाला त्यांचे पाणी आपोआप मिळत नाही. या भागातील कोणत्याही विद्यार्थ्याने घरातील वडीलधाऱ्यांस जुन्या कर्जाविषयी विचारले, तर ‘सावकारी पाश’ची कथा त्याला दुसऱ्या शब्दांत ऐकावयास मिळेल.

आता प्रश्न असा की, मुक्या चित्रपटात दारिद्र्य दाखवावयाचे कसे? भीमाचा क्रोध दाखविणे सोपे. तो कीचकाला धरून आपटतो. पण उपासमार काही करीत नाही, ती नुसती असते. मनातील काळजीला हातवारे नसतात. रंगभूमीवर नट छाती पिटून रडला असता व वर एखादे पदही म्हटले असते. बाबूरावांनी तो मार्ग सोडला आणि ज्या गोष्टीवर त्यांचे लहानपणापासून प्रभुत्व होते तिलाच कामास लावले. त्यांनी उजेड कमी केला. तोपर्यंत चित्रपटातील प्रत्येक वस्तू लख्ख दिसावी असा सर्वांचा आग्रह असे. बाबूरावांनी अंधारी, उदास झोपडी जवळजवळ अंधारातच टिपली आणि तिच्यापाशी एक कुत्रा तोंड वर करून विव्हळताना दाखविला. मूकपट असल्याने त्या कुत्र्याचा आवाज कोणी ऐकला नाही. तरीही ज्यांनी तो प्रसंग पाहिला त्यांना तो विसरता आला नाही. पुढे स्वतः नामवंत निर्माते झालेले जे. बी. एच. वाडिया यांनी अनेक वर्षांनंतरही त्या झोपडीची आणि त्या कुत्र्याची आठवण सांगितली आहे.

तरुण शेतकऱ्याची भूमिका शांतारामांनी केली. ‘सिंहगड’मध्ये पांढऱ्या मिशा लावून तलवार फिरविणाऱ्या या नटाला येथे शस्त्र नव्हते. सावकार झाले होते झुंजारराव पवार, आणि कमलादेवींचीही या चित्रपटात भूमिका होती. राजेरजवाड्यांची भरजरी वस्त्रे नीट घड्या घालून पेटीत राहिली.

चित्रपट चालला नाही. जाणत्यांनी वाखाणला, पण तिकिटाच्या खिडकीशी गर्दी झाली नाही. हे असे का झाले असावे? दिवसभर राबून आलेला माणूस दोन घटका आपले दुःख विसरण्यासाठी पैसे मोजून आत शिरतो; तेथे त्याला त्याचेच घर दिसले. त्याला दोष देता येत नाही. देवांचे पराक्रम पाहण्यास सरावलेल्या डोळ्यांना शेजारच्या माणसाची हकीकत ही पाहण्याजोगी गोष्ट आहे हे पटण्यास वेळ लागतो. बाबूरावांना तो वेळ मिळाला नाही. कंपनी चालवावयाची होती, अनेकांची पोटे तिच्यावर अवलंबून होती, आणि त्यांना पुन्हा पौराणिक व ऐतिहासिक विषयांकडे वळावे लागले.

चार वर्षांनी कंपनीला मोठा हादरा बसला. शांताराम, दामले, फत्तेलाल व केशवराव धायबर हे चौघे बाहेर पडले. त्यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साहाय्याने १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन केली. ज्यांना हाताला धरून घडविले तेच निघून गेले. गुरूला याचे दुःख झाले नसेल असे कोण म्हणेल? पण शिष्यांच्या हातांत गुरूची विद्या होती आणि ती त्यांना स्वतःच्या मनाप्रमाणे वापरून पाहावयाची होती, हेही तितकेच खरे. मला तरी यात कोणास अपराधी ठरवावेसे वाटत नाही. १९३१ साली ‘आलम आरा’ने बोलपटांचे युग सुरू केले आणि मूकपट मागे पडले. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्याच सुमारास बंद झाली. बोलपटांविषयी बाबूरावांना फारसे प्रेम नव्हते. वर्षानुवर्षे कष्टाने उभी केलेली डोळ्यांची भाषा आता बडबडीत बुडून जाईल, अशी त्यांना भीती वाटे.

तरीसुद्धा १९३६ साली त्यांनी एक बोलपट केला आणि तोही कोणता, तर पुन्हा ‘सावकारी पाश’च. जो विषय एकदा लोकांनी नाकारला होता त्याच्याकडे अकरा वर्षांनी ते परत गेले. यशाचा हिशेब करणारा माणूस असे करणार नाही.

त्याच १९३६ सालात पुण्यास आणखी एक गोष्ट घडली. ‘प्रभात’ १९३३ मध्ये कोल्हापुराहून पुण्यास गेली होती. तेथे दामले व फत्तेलाल या बाबूरावांच्या दोघा शिष्यांनी ‘संत तुकाराम’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. तो पाहण्याचा योग आला तर तुकोबांच्या विमानाइतकेच त्यांच्या घराकडेही लक्ष द्यावे. घरात दाणा नाही, मुले भुकेली आहेत, नवरा विठ्ठलाच्या नादात आणि जिजाई संसाराचा गाडा एकटी ओढते आहे. गौरी या नटीने केलेली ती जिजाई देवळातली नाही, चुलीपुढची आहे. तिचा त्रागा आणि तिची माया खेड्यातील कोणत्याही आईची वाटते. या चित्रपटाचा १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. जगाने वाखाणलेले ते गरिबाचे घर उभे करणारे हात ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’त बाबूरावांच्या नजरेखाली तयार झाले होते.

पुढे जगभरच चित्रपटाची नजर साध्या माणसाकडे वळली. १९४८ साली इटलीमध्ये व्हित्तोरिओ द सिका यांनी चोरीला गेलेल्या एका सायकलीभोवती बेकार बापाची व त्याच्या मुलाची कथा गुंफली. १९५३ साली बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’मध्ये कर्जापायी जमीन जाऊ नये म्हणून एक शेतकरी कलकत्त्यास जाऊन रिक्षा ओढतो, त्या चित्रपटाला फ्रान्समधील कान येथे पारितोषिक मिळाले. १९५५ साली सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ आला. या चित्रपटांनी जे केले त्याचे बीज ‘सावकारी पाश’ने या देशात फार पूर्वी पेरले होते, असे चित्रपटाचे अभ्यासक मानतात. ‘दो बिघा जमीन’ आणि मुका ‘सावकारी पाश’ यांच्यात अठ्ठावीस वर्षांचे अंतर आहे.

उतारवयात बाबूराव पुन्हा आपल्या जुन्या सोबत्यांकडे, म्हणजे रंगांकडे आणि मातीकडे वळले. अधूनमधून चित्रपटही केले. १९४७ सालचा ‘लोकशाहीर रामजोशी’ लोकांना अतिशय आवडला. तो शांतारामांच्या ‘राजकमल’ संस्थेने काढला होता. म्हणजे जुने गुरुशिष्य पुन्हा एकत्र आले होते. १९५२ साली त्यांचा ‘विश्वामित्र’ आला. त्यानंतर दोन वर्षांनी, १६ जानेवारी १९५४ रोजी, कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. लोक त्यांना आदराने कलामहर्षी म्हणू लागले होते.

त्या काळच्या चित्रफिती फार ज्वालाग्राही असत. काही आगीत गेल्या, काही ओलीने चिकटून सडल्या, काहींतील चांदी काढून घेण्यासाठी लोकांनी त्या वितळविल्या. पुण्यास १९६४ साली जुने चित्रपट जतन करणारे राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झाले. पण तोवर बहुतेक मूकपट नाहीसे झाले होते. १९२५ च्या ‘सावकारी पाश’ची फीतही आज उपलब्ध नाही. आपल्यापर्यंत आली आहे ती कथा, काम करणाऱ्यांची नावे, आणि ज्यांनी तो अंधारी झोपडीचा प्रसंग पाहिला त्यांनी सांगून ठेवलेले वर्णन.